लाइटची कंपनी बदलू का काका?

पत्र आलंय गोरेगाव पूर्वेहून. ताईंनी नाव छापू नका म्हटलंय, म्हणून नाही छापत. पत्र लांब होतं, कामापुरतं देतो.

"नमस्कार काका, आम्ही चाळीतून नवीन बिल्डिंगमध्ये आलो त्याला चार वर्षं झाली. मी घरातूनच पोळ्या, पुरणपोळ्या, उकडीचे मोदक असं ऑर्डरप्रमाणे करून देते. मिस्टरांची खाली रस्त्यावर पिठाची गिरणी आहे. गाळा सासऱ्यांचा, आधी त्यांचं किराणा दुकान होतं, ते वारले पण मीटर अजून त्यांच्याच नावावर आहे. दोन्हीकडचं लाइट बिल भरता भरता कंबरडं मोडतंय. मागच्या आठवड्यात गळ्यात आयकार्ड घातलेला एक मुलगा आला, म्हणाला कंपनी बदला, बिल निम्म्यावर येईल, आधारचा फोटो आणि ओटीपी द्या, बाकी सगळं मी करतो. आमच्या मजल्यावर दोघींनी बदललंय, एक म्हणते फायदा झाला, दुसरी म्हणते छे, काही नाही. दीर दादरला असतात, ते म्हणतात बेस्टचं घ्या. सोसायटीत कुणीतरी सोलरचं काढलंय. आणि मला गणपतीच्या आधी डीप फ्रीजर घ्यायचाय, फ्रोजन मोदकांसाठी. आम्ही नक्की काय करावं? घरची एप्रिल ते मार्च बारा बिलं आणि गाळ्याचं एक बिल सोबत पाठवते."

ताई, आधी त्या आयकार्डवाल्याचं बघू. ओटीपी दिला नसेल अशी आशा करतो. कंपनी बदलायला अर्ज लागतो, कागदं लागतात, सगळं खरं, पण तो अर्ज तुम्ही स्वतः कंपनीच्या वेबसाइटवर नाहीतर त्यांच्या सेंटरला जाऊन करू शकता, दारात उभं राहून परक्या माणसाच्या मोबाइलमध्ये काही भरायची गरज नाही. आणि "बिल निम्म्यावर येईल" असं जो म्हणेल त्याला पाणी पाजून लिफ्टपर्यंत सोडून यायचं. मुंबईतल्या प्रत्येक वीज कंपनीचे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढे सुनावणी होऊन ठरतात, काही वर्षांचे एकदम, आणि साधारण एप्रिलपासून नवीन वर्षाचे लागू होतात. त्या पोराच्या हातात त्यातला एक पैसासुद्धा नाही. याच जातीचा तो मेसेज, "आज रात्री साडेनऊला तुमची लाइट कापणार, या नंबरवर फोन करा". तोही डिलीट करा, कारण २००३ च्या वीज कायद्यात कलम ५६ आहे, बिल थकलं तरी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय लाइट कापता येत नाही.

आता दीरांचं. भाऊजी चांगल्या मनाने सांगतायत पण बेस्ट तुम्हाला मिळणार नाही. विजेचा परवाना एरियाप्रमाणे असतो. बेस्ट म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत, तिथे संपलं. पुढे तुमच्या बाजूला सगळी अदानी, पार मिरा-भाईंदरपर्यंत, आणि पूर्वेला कुर्ला-चेंबूरकडेही. भांडुप-मुलुंडला महावितरण. आणि टाटा पॉवरचा परवाना शहरात पण आहे आणि उपनगरात पण, म्हणून तुमच्या दारात दोन नावं ऐकू येतात. (आमच्या शेजारच्या आजी अजूनही "बीएसइएसचं बिल आलं का रे" असंच विचारतात, मधे रिलायन्स येऊन गेली, २०१८ ला अदानी आली, आजींना काही फरक पडलेला नाही आणि एका अर्थी त्यांचंच बरोबर आहे, कारण तारा त्याच आहेत.)

ही तारांची गोष्ट नीट समजून घ्या म्हणजे तुमच्या मजल्यावरच्या दोघींचं भांडण पण मिटेल. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की टाटांना छोट्या ग्राहकांनाही वीज विकता येईल, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये आयोगाने मार्ग काढून दिला की तार जुन्या कंपनीचीच राहू दे, वीज दुसऱ्याकडून घ्या. याला म्हणतात चेंजओव्हर. दुसऱ्या कंपनीची स्वतःची केबल तुमच्या बिल्डिंगपर्यंत आलेली असेल आणि तुम्ही तिच्यावरच गेलात तर ते स्विचओव्हर. चेंजओव्हरमध्ये तार ज्याची त्याचं भाडं तुम्हाला भरावंच लागतं, बिलावर त्याला व्हीलिंग चार्ज किंवा वहन आकार म्हणतात, शिवाय आयोगाने क्रॉस सबसिडीचा (म्हणजे काही ग्राहकांना वीज स्वस्त देता यावी म्हणून बाकीच्यांकडून घेतात तो) वगैरे आकार लावलेला असेल तर तोही. आणि पावसात केबल जळली तर जिची केबल तीच कंपनी येऊन दुरुस्त करणार, तेव्हा "कंपनी बदलली म्हणजे लाइट जायची थांबेल" हे डोक्यातून काढून टाका. भाऊजींकडे तर हेही नाही, बेस्ट महापालिकेची असल्यामुळे तिच्या तारांवरून दुसऱ्याची वीज घेता येत नाही, टाटांची स्वतःची केबल आली तरच.

मग फायदा होतो का? होतो कुणाला, कुणाला नाही. घरगुती दराचे टप्पे असतात, १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्याच्या वर चौथा. दोन कंपन्यांच्या दरपत्रकात हा फरक प्रत्येक टप्प्याला सारखा नसतो, एखादी खालच्या टप्प्यात बरी पडते तर एखादी वरच्या. तुमच्या दोघी शेजारणींपैकी एकीकडे दोन एसी असतील आणि दुसरीकडे नवराबायको दोघंच दिवसभर कामावर असतील तर दोघीही खरंच बोलतायत. आणि हे कायमचंही नाही, नवीन दर आले की गणित फिरतं, एकदा गेलेले परत आलेलेसुद्धा मी बघितलेत.

म्हणून दुसऱ्याचं बिल बघून ठरवायचं नाही, स्वतःचे बारा महिन्यांचे युनिट घेऊन बसायचं. एक गैरसमज मात्र आधी काढतो, कारण पत्रात पुढे तुम्ही लिहिलंय की "३०० च्या वर गेलं की सगळ्याला वरचा दर लागतो म्हणून महिनाअखेरीस आम्ही पंखे बंद करून बसतो". अहो नका बसू. मे महिन्यात तुमचे ३६१ युनिट झालेत, त्यातले पहिले १०० पहिल्या दराने, पुढचे २०० दुसऱ्या दराने आणि फक्त वरचे ६१ तिसऱ्या दराने लागलेत. फिक्स चार्ज टप्प्याप्रमाणे थोडा इकडे तिकडे होतो तेवढंच. हां, कधी रीडिंग न घेता दोन महिन्यांचं एकदम बिल आलं तर मात्र टप्पे पण दुप्पट धरलेत का ते तपासा, तिथे लोक गप भरून मोकळे होतात.

तर दोन्ही कंपन्यांचं चालू वर्षाचं दरपत्रक काढा, दोघांच्याही वेबसाइटवर असतं, आणि एक उन्हाळ्यातला महिना, एक थंडीतला, असं दोनदा पूर्ण बिल मांडा. पूर्ण म्हणजे एनर्जी चार्ज (नुसत्या युनिटचे पैसे), व्हीलिंग, फिक्स, ते इंधन समायोजन का काय ते, आणि शेवटी वीज शुल्क, घरगुतीला १६ टक्के. नुसता एनर्जी चार्ज बघून उड्या मारू नका, तो पोरगा तुम्हाला तेवढाच दाखवणार. वर्षाला हजारबाराशेचा फरक निघाला तर बदला की, काही वाईट नाही, पण जुनी डिपॉझिट परत घ्यायची, नवीन भरायची, थकबाकी शून्य करायची, ही धावपळ धरून विचार करा.

एक माझ्यावर बेतलेलं सांगतो, कंपनीचं नाव नाही घेत कारण चूक कुठल्याही कंपनीत होऊ शकते. २०११ ला मी पण बदलली. बदलल्यावर बिल कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, मला वाटलं सुरुवातीचे काहीतरी चार्जेस असतील, पाच महिने भरलं. मग एकदा मीटर रूममध्ये गेलो, घरचा मेन स्विच पाडून आलो होतो, आणि बघतो तर माझ्या नंबरच्या मीटरवरचा लाल दिवा टिकटिक टिकटिक चालूच. म्हणजे घरात काळोख आणि मीटर पळतंय. वरच्या मजल्यावरच्या एसीवाल्यांची वायर माझ्या मीटरला आणि माझी त्यांच्याला. पैसे मिळाले परत, पण चपला झिजवून.

म्हणून कंपनी बदला न बदला, हे एकदा कराच. मिस्टरांना खाली मीटरजवळ उभं करा, तुम्ही घरातला मेन पाडा, फोनवर विचारा दिवा थांबला का. थांबला तर मीटर तुमचंच. मग पुढची पायरी, मेन चालू करून घरातलं सगळं बंद ठेवा, फ्रिजचं पण बटण बंद, आणि एक हजार वॅटची इस्त्री लावा. मीटरवर बारीक अक्षरात ३२०० इम्प पर केडब्ल्यूएच असं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे ३२०० वेळा दिवा लुकलुकला की एक युनिट. त्या हिशोबाने हजार वॅटला मिनिटात त्रेपन्नच्या आसपास लुकलुक व्हायला पाहिजे. पन्नास-पंचावन्न आले तर मीटर ठीक आहे, सत्तर आले तर मीटर टेस्टिंगचा अर्ज टाका. आकडा वेगळा छापला असेल तर त्याला साठने भागा, झालं.

आता मुद्द्यावर येतो. ताई, तुम्ही मला तेरा बिलं पाठवलीत आणि विचारलंत कंपनीचं, पण मला त्या बिलांवर कंपनीच्या नावापेक्षा एक वेगळी ओळ महत्त्वाची वाटली. बिलावर वरच्या बाजूला टॅरिफ किंवा कॅटेगरी म्हणून कोड असतो, एलटी १ म्हणजे घरगुती, एलटी २ म्हणजे दुकान-ऑफिसवाली वाणिज्यिक, एलटी ३ उद्योग वगैरे. निम्म्या लोकांनी ती ओळ आयुष्यात वाचलेली नसते. तुमच्या घराच्या बिलावर घरगुती आहे, ठीक. गाळ्याच्या बिलावर? वाणिज्यिक! अहो पण तिथे किराणा दुकान कुठे राहिलंय, तिथे गिरणी चालते. आयोगाच्या दराच्या आदेशात लघुदाब (म्हणजे तेच एलटी) उद्योगाच्या यादीत पिठाची गिरणी नाव घेऊन लिहिलेली आहे. सासऱ्यांनी दुकानासाठी मीटर घेतलं तेव्हा कोड बरोबर होता, मग दुकान गेलं, गिरणी आली, आणि कोड बदलायचं कुणालाच सुचलं नाही. कंपनीला तरी स्वप्न पडणार आहे का. उद्योगाचा दर दुकानापेक्षा कमी असतो, आणि त्यावर लागणारं वीज शुल्क पण, दुकानाला २१ टक्के आहे, उद्योगाला त्याहून बरंच कमी. म्हणजे आज सकाळी एकही स्क्रू न फिरवता गिरणीचं बिल खाली येऊ शकतं, आणि हे ज्या कंपनीत आहात तिथेच.

करायचं काय, तर आधी मीटर मिस्टरांच्या नावावर करून घ्या. मृत्यूचा दाखला, वारस म्हणून बाकीच्या भावंडांची एनओसी, गाळ्याचे कागद, हे जमवा. सासरे जाऊन इतकी वर्षं झाली, हे काम तसंही राहिलेलंच आहे आणि नाव बदलल्याशिवाय पुढचा कुठलाच अर्ज सरकणार नाही, भाऊजींची सही लागेल तेव्हा त्यांना मोदक खायला घालून बेस्टचा विषय पण संपवा. मग कॅटेगरी बदलाचा अर्ज. त्यांचा माणूस येऊन गाळा बघेल. तिथे खरं ते दिसू द्या. म्हणजे गिरणीच असेल तर गिरणी. पुढे काउंटर लावून बिस्किटं, चिप्स, कोल्ड्रिंक पण विकत असाल तर तो सांगेल ही मिक्स वापराची जागा आहे आणि मग भांडणात आपली बाजू लंगडी पडते. मागच्या काळात जास्त भरलेल्याचं काय हे पण अर्जातच लिहून विचारा. त्यांनी दाद दिली नाही तर कंपनीचा तक्रार कक्ष, तिथे नाही झालं तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, तिथून पण नाही तर विद्युत लोकपाल. वकील लागत नाही, साध्या मराठीत लिहून चालतं. फक्त मंचाकडे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जायला पाहिजे आणि मंचाच्या निकालानंतर लोकपालांकडे साठ दिवसांत, ही मुदत चुकवली की कितीही खरे असलात तरी उपयोग नाही.

गिरणीचं अजून एक, हे बिलाचं नाही पण बिलातच येतं. जात्याच्या दगडाला टाकी कधी लावली होती मिस्टरांना विचारा. दगड बोथट झाला की तेच पाच किलो दळायला वेळ जास्त लागतो आणि पीठ पण गरम येतं, बायका तक्रार करतात "पीठ तापलंय" म्हणून, ते ऐकलं की समजायचं मीटर पण तापलंय. पट्टा सैल असेल तर तेच. दहा हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे साडेसात किलोवॅट, तासाला आठ-साडेआठ युनिट ती पूर्ण भाराला खाते, रोज अर्धा तास फुकट फिरली तर महिन्याचे सव्वाशेच्या आसपास युनिट कुठे गेले कळत नाही. आणि दिवसाच्या वेळेप्रमाणे दर हा प्रकार आता येतोय, केंद्राच्या २०२३ च्या नियमात म्हटलंय की उन्हाच्या तासांत दर नेहमीपेक्षा निदान २० टक्के कमी हवा आणि गर्दीच्या तासांत जास्त. तो तुमच्या मीटरला लागू झालाय का ते बिलावर दिसेल. लागू असेल तर हॉटेलवाल्यांची गोणीभर ऑर्डर संध्याकाळी सातला न दळता दुपारी दोनला दळा, गिऱ्हाईक पण तेव्हा नसतं.

आता तुमचा डीप फ्रीजर, ताई. हे वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो खरं सांगायचं तर.

घरातून धंदा करणाऱ्यांसाठी आयोगाच्या आदेशात एक चांगली सवलत आहे आणि ती फारशी कुणाला माहीत नसते. घराच्या एका भागातून काही व्यवसाय करत असाल तरी घरगुतीच दर लागतो, अट एवढीच की वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात एकूण ३६०० युनिटपर्यंत पाहिजे. तपासणी वर्ष संपल्यावर होते. ३६०० च्या वर गेलात तर तुम्हाला आधी कळवून तो दर काढून घेतात, आणि मग नुसत्या मोदकांच्या विजेला नाही, त्या मीटरवरच्या सगळ्या विजेला धंद्याचा दर, मुलाच्या अभ्यासाच्या दिव्याला पण.

तुमची बारा बिलं मी कागदावर उतरवली. एप्रिल ३३८, मे ३६१, जून ३२२, जुलै २७१, ऑगस्ट २६२, सप्टेंबर २६८, ऑक्टोबर ३११, नोव्हेंबर २७४, डिसेंबर २३६, जानेवारी २३१, फेब्रुवारी २३९, मार्च २९७. बेरीज ३४१०. म्हणजे रेषेच्या आत आहात, पण फक्त १९० युनिटने, आणि त्यातही एप्रिल-मे-जून-ऑक्टोबर तीनशेच्या वर गेलेलेच आहेत, ते पण खाली आणायला पाहिजेत म्हणजे वादाला जागाच नको. आणि आता तुम्ही फ्रीजर आणणार. मध्यम आकाराचा फ्रीजर दिवसाला दोन युनिट धरला, दार सारखं उघडलं तर जास्तच, तरी वर्षाला ७३०. गेलो आपण ४१४० वर. फ्रीजरची किंमत दुकानदार सांगेल ती, पण खरी किंमत ही आहे.

म्हणून फ्रीजर घ्यायचा नाही असं म्हणत नाहीये, आधी जागा करा म्हणतोय. तुमच्याकडे हॉल, बेडरूम आणि स्वयंपाकघरात जुने पंखे आहेत असं लिहिलंय. जुना पंखा पंचाहत्तर वॅटच्या आसपास खातो, हे नवीन बीएलडीसी तीस वॅट. एका पंख्यामागे ४५ वॅट वाचले, तीन पंखे, दिवसाला बारा तास (मुंबईत बारा म्हणजे कमीच धरले), दिवसाला दीड युनिटच्या वर जातं, वर्षाला ५९० च्या आसपास. पंखा अडीच-तीन हजाराला येतो. ३४१० मधून ५९० गेले आणि ७३० आले, ३५५०. बसलं, पण अगदी काठावर बसलं. गिझर पण आहे ना? दोन किलोवॅटचा गिझर अर्धा तास जास्त राहिला की एक युनिट गेलं. मुलगा आंघोळीला जायच्या आधी चालू करून मोबाइल बघत बसतो ते तुम्हीच लिहिलंय, तेवढं थांबवलंत तरी फ्रीजरला आणखी थोडी जागा होते.

धंदा याच्याही पुढे वाढला, दोन फ्रीजर, मोठा मिक्सर, हाताखाली दोन बायका, तर मग घरातल्या मीटरवर लपवत बसू नका, जागा वेगळी घेऊन त्या जागेचं त्या वापराचं मीटर घ्या. आणि एक आत्ताच सांगून ठेवतो कारण तुमच्या डोक्यात येणारच आहे, "मग फ्रीजर गाळ्यातच ठेवू की, तिथे उद्योगाचा दर होणारच आहे". नका ठेवू, निदान विचारल्याशिवाय नका. एका कामासाठी घेतलेली वीज दुसऱ्या कामाला वापरली की त्याच वीज कायद्याचं कलम १२६ लागतं, तिथे दुप्पट दराने आकारणी होते, आणि कधीपासून ते ठरवता आलं नाही तर थेट मागचे बारा महिने धरतात. चोरी नाही ती, पण पावती चोरीसारखीच फाडतात.

सोलरचं थोडक्यात. तुमच्या एकट्याच्या घराला ते जमणार नाही, गच्ची सोसायटीची आहे. पण सोसायटीने घेतलं तर मस्त आहे, लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांच्या कॉमन मीटरला नेट मीटरिंग (म्हणजे सोलरची वीज बिलाच्या युनिटमधून वजा) करून घ्यायचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला तीन किलोवॅट आणि वर जास्तीत जास्त ७८ हजार सबसिडी आहे आणि सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि वर्षभराची सरासरी धरली तर दिवसाला चार युनिट मिळतात, जुलै-ऑगस्टमध्ये तोंडाला पानं पुसतं. म्हणजे दहा किलोवॅटला हजार फूट. तुमच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या, मोबाइल टॉवर आणि वाळत घातलेले पापड सोडून हजार फूट उरतात का ते आधी टेप घेऊन मोजा, मग जनरल बॉडीत ठराव मांडा. तुमचं बिल त्याने कमी नाही होणार, मेंटेनन्स होईल.

आणि मिस्टर मोबाइलवर वाचून "ओपन अॅक्सेसने बाहेरून थेट वीज घेऊ" म्हणतायत त्यांना सांगा, ते एक मेगावॅटवाल्यांचं काम आहे. हरित विजेसाठी २०२२ मध्ये मर्यादा १०० किलोवॅटवर आणली, तरी त्यांच्यासारख्या चौदा गिरण्या एका मालकाच्या पाहिजेत.

तर आता सुरुवात गाळ्याच्या नावबदलापासून करा, कंपनीचं गणपतीनंतर बघू. आणि फ्रीजर बघायला जाल तेव्हा दुकानदाराला किती स्टार ते विचारू नका, लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतील तो आकडा वाचा. ७८० च्या वर असेल तर त्या दुकानातून चहा पिऊन परत या. आकडा मला कळवलात तरी चालेल, तुमच्या बेरजेचा कागद मी फाडलेला नाही.